चार-दहाचा रिले

१

मंगळवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. जलाशयाच्या काठावरची तीन मजली इमारत, सगळ्यात वरची मागची खोली, दहा फूट बाय आठ. एकच खिडकी, तीही लावलेली. खोलीत तीन माणसं: मी, माझी वहिनी आणि तारमास्तर. टेबलावर माझ्या थोरल्या भावाचा हौशी रेडिओचा सेट, बंद. शेजारी त्याचा अँप्लिफायर, बंद. खाली फरशीवर अँप्लिफायरला वीज पुरवणारी लोखंडी पेटी. तिचं बटण मास्तरांनी चार मिनिटांपूर्वी दाबलं होतं, आत काही जळलंबिळलं नाही ना ते बघायला.

पेटीतला रिले वाजायला लागला.

रिले ही काही मोठी चीज नाही. काड्यापेटीएवढी वस्तू. तारेच्या गुंडाळीत वीज आली की लोखंडाची पट्टी टक् करून चिकटते, वीज गेली की टक् करून सुटते. बिघडलेला रिले तडतडतो, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. हा तसा तडतडत नव्हता. थोडा वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा.

"कोणी ट्रान्समिट करत नाहीये ना?" मी विचारलं. प्रश्न मूर्खपणाचा होता. सेटचा प्लग माझ्या हातात होता.

मास्तर वाकून पेटीकडे कान देऊन बसले होते. दाराशी उभ्या वहिनीने घड्याळाकडे न बघता सांगितलं, "चार एकवीसला थांबेल."

चार एकवीसला थांबला.

२

दादा तीन आठवड्यांपूर्वी गेला. दवाखान्यात, दुपारी. बत्तीस वर्षं मी लोकांना वेळ, जागा आणि नाव विचारत आलोय, पण त्या दुपारी किती वाजता, हे मी कोणाला विचारलं नाही.

त्याच्या जाण्याने एक गोष्ट अर्धी राहिली. लाँच दुर्घटनेच्या चौकशी अहवालाचं पान त्रेचाळीस, ओळ सहावी: "काठावरील खाजगी हौशी केंद्राने हलगर्जीपणामुळे अकरा मिनिटे प्रतिसाद दिला नाही." ही ओळ काढून टाका म्हणून आम्ही अकरा वर्षं भांडलो. शेवटी फेरतपासणी मंजूर झाली. येत्या शुक्रवारी दुपारी दोन वाजता समितीचा तज्ज्ञ घरी येऊन ही पेटी तपासणार होता. दोष यंत्रात होता हे डोळ्यांसमोर दिसलं, तर ओळ जाणार. नाही दिसलं, तर ती कायमची. दोष दाखवणारा माणूस मात्र राहिला नव्हता.

ज्यांना तो दिवस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझी पुतणी पाणी विभागात रोजंदारीवर खोली मोजायच्या कामाला होती. वय बावीस. मोर्सचं कडकट्ट ती तारमास्तरांकडे शिकली. रेघेपेक्षा टिंब जास्त जोरात ठोकायची, म्हणून घरात नाव पडलं टिंबू. विभागाच्या मोटारबोटीवर, लाँचवर, जाताना डब्याएवढा सेट बरोबर न्यायची आणि रोज चार-दहाला बापाला हाक मारायची. काम काही नसायचं. "जेवले का?" एवढंच.

हौशी रेडिओवाल्यांची जमात विचित्र. चालू यंत्राला हात लावू नये हे जगाला सांगतील आणि स्वतःचं दर रविवारी उघडून बसतील. दादाने त्या आठवड्यात नवा अँप्लिफायर आणि ही पेटी बांधली होती. एका बटणात सगळं सुरू व्हावं म्हणून त्याने सेटची वीजही पेटीतल्या रिलेमधूनच नेली. ती एक वायर. चार-दहाला टिंबूची हाक सुरू झाली, त्याने उत्तर द्यायला मोर्सची कळ, म्हणजे की, दाबली, आणि अँटेनातून निघालेली ताकद उलटी रिलेच्या तारांत शिरली. रिले सुटला, सेट मेला. ताकद गेली म्हणून रिले पुन्हा चिकटला. सेट जुना, व्हॉल्व्हचा, तापायला अर्धं मिनिट घ्यायचा. तापला की दादा पुन्हा की दाबायचा, पुन्हा तेच. बोलायला तोंड उघडावं आणि आपल्याच हाताने ते दाबावं, तसं. त्याला वाटलं, एखादा सांधा सैल आहे. त्याने पेटी उलटी केली, स्क्रू आवळले. अकरा मिनिटं. सेटची वायर उपटून भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातली असती तर काम झालं असतं. हे त्याने समितीला स्वतःच सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि त्याला "हलगर्जीपणा" असं नाव दिलं.

लाँच बुडाली तेव्हा तिच्यावर माणसं सात, लाइफ जॅकेटं दोन, तीही कुलपाच्या पेटाऱ्यात. धरणाच्या टोकाला विभागाचं स्वतःचं रेडिओ केंद्र होतं. तेही कुलूपबंद, कारण ऑपरेटरचं पद दोन वर्षं रिकामं. एकशे बारा पानांच्या अहवालात या दोन्ही गोष्टींना मिळून अर्धी ओळ दिली आहे. माझ्या भावाला पूर्ण.

आता माझा वाटा. संध्याकाळी काठावरून मीच बातमी दिली. नावं अजून जाहीर झाली नव्हती. अधिकाऱ्याने सांगितलं तसं मी लिहिलं: "काठावरच्या हौशी केंद्राकडून उत्तर आलं नाही." पलीकडच्या गावात कोणी हौशी असेल असं मी धरून चाललो. विचारलं नाही. अहवालाच्या परिशिष्टात माझं कात्रण पुरावा म्हणून जोडलेलं आहे.

३

बुधवारी सकाळी मास्तरांनी पेटीचं झाकण काढलं.

मास्तर पूर्वी तार कचेरीत होते. कचेरी बंद झाली, पण मास्तर सुरूच राहिले. वय अठ्ठ्याहत्तर, हात अजून स्थिर. मला ते नावाने कधीच हाक मारत नाहीत. "काय बातमीदार, आज कुणावर घसरणार?" असं म्हणत जिना चढतात. त्यांच्याकडे फक्त ऐकायचा सेट होता, बोलायचा परवाना संपलेला. त्या दुपारी टिंबूची सगळी अकरा मिनिटं त्यांनी घरी बसून कागदावर उतरवून घेतली होती. उत्तर द्यायला साधन नाही. शेवटी कागद खिशात घालून पंच्याहत्तर पायऱ्या उतरले आणि सायकलवर पोलीस चौकी गाठली. त्यांच्याच साक्षीतून "अकरा मिनिटे" हा आकडा आला. तिने आधी विभागाच्या केंद्राला तीनदा हाक मारली, मग बापाला, हेही त्याच साक्षीत होतं. ते अहवालाच्या निष्कर्षात आलं नाही.

झाकण उलटं करून मास्तरांनी माझ्यापुढे धरलं आणि चष्मा पुसत बसले.

झाकणाला आतून माझं कात्रण चिकटवलेलं होतं. त्याखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात, ओळीखाली ओळ. दादा वेळ लिहिताना मध्ये तिरकी रेघ मारायचा, लहानपणापासूनची खोड.

"४/१०. ऐकलं. उत्तर दिलं. पोचलं नाही."

तारीख तेवढी बदलायची. झाकण भरलं तेव्हा तो वहीवर गेला होता. टेबलाखाली अशा चौदा वह्या निघाल्या.

दुखावलेल्या माणसाचं डोकं अशी वळणं घेतं, असं मी स्वतःला सांगितलं. पण काल आवाज आम्ही तिघांनी ऐकला होता. मग मी माझ्या धंद्याला लागलो. इमारतीची लिफ्ट बंद करायला लावली. पाण्याचा पंप, खालच्या शिंप्याची मशीन, शेजाऱ्यांचा फ्रिज, सगळ्यांच्या वेळा लिहून काढल्या. जवळपास कोणाची अँटेना आहे का म्हणून गच्चीवर जाऊन आलो. दादाने एखादं घड्याळाचं खेळणं लपवून बसवलं असेल, रोज त्याच वेळी रिले वाजवणारं, असाही संशय आला. मास्तरांनी पेटीतली एकेक वायर बोटाने धरून मोजली. आत असायला हवं तेवढंच होतं.

मग टेबलाचा खण उघडला. त्यात फेराइटच्या रिंगा होत्या, तारांवर चढवायच्या. नखाएवढे कपॅसिटर होते, आणि जाळीचं आवरण असलेली वायर. अँटेनाची ताकद रिलेत शिरू नये म्हणून जे जे लागतं ते सगळं, पाकिटं न फोडलेली. बिलावर तारीख होती: दुर्घटनेनंतरचा नववा दिवस.

"म्हणजे त्याला औषध माहीत होतं," मी म्हणालो.

"नवव्या दिवशीच." मास्तरांनी एक रिंग हातात घेऊन तिच्यातून खिडकीकडे पाहिलं. "तासाभराचं काम आहे हो. त्याने केलं नाही."

का केलं नाही, हे मी विचारलं नाही. विचारायची सवय मला घरात कधी लागलीच नाही.

४

बुधवारी चार-दहाला मास्तर कागद-पेन्सिल घेऊन बसले. आम्ही पेटीचं बटण चालू केलं, सेट आणि अँप्लिफायरचे प्लग भिंतीपासून दूर ठेवले, अँटेनाची तार खिडकीतून कापून टाकली.

रिले वाजायला लागला. मास्तरांची पेन्सिल चालायला लागली.

मला मोर्स येत नाही. मी पेन्सिलीकडे बघत होतो. मध्येच ती एका शब्दावर अडली, मास्तरांनी 'चुकलं' सांगणारी आठ टिंबांची खूण ऐकली, अर्धा शब्द खोडला आणि पुन्हा लिहिला. मग रिले थांबला. बराच वेळ गप्प. कोणी बोलून उत्तराची वाट बघतं, तेवढा वेळ. मग पुन्हा.

चार एकवीसला मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. खिशातून एक जुना कागद काढला, घडीवर फाटलेला, आणि नव्याच्या शेजारी ठेवला. दोन्ही सारखे होते. खोडलेला अर्धा शब्दसुद्धा त्याच जागी.

मी म्हणालो की हा मजकूर अहवालात छापलेला आहे, कोणीही तो यंत्रात भरू शकतं.

"अहवालात शुद्ध प्रत दिली मी," मास्तर म्हणाले. "पोरीची चूक कशाला दाखवायची चारचौघांत? ही खोडाखोड मी कोणाला सांगितली नव्हती. तिच्या बापालाही नाही." जुन्या कागदाची घडी घालत म्हणाले, "आणि हात ओळखतो मी. टिंबं कशी मारते बघा ना. शंभरदा सांगितलं असेल, हळू मार म्हणून."

त्यांचा आवाज रागावलेल्या शिक्षकासारखा होता. डोळे तसे नव्हते.

५

संध्याकाळी वहिनी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. मी ओट्याला टेकून उभा राहिलो. अकरा वर्षांत आम्ही दोघं या घरात खूप बोललो होतो: वकील, अर्ज, तारखा. त्या खोलीबद्दल कधीच नाही.

तिने सांगितलं की रिले पहिल्यांदा वाजला तो दहाव्या दिवशी. दादा तेव्हा रिंगा बसवायलाच बसला होता, त्याने पाकिटं परत खणात टाकली. तेव्हापासून तो रोज चार-दहाला त्या खोलीत असायचा. तो की दाबायचा, उत्तर द्यायचा. आपली ताकद रिलेत शिरली की हाक तुटायची. म्हणजे अकरा वर्षं, रोज, तो तेच करत होता जे त्या दिवशी केलं. पण रिंगा बसवल्या तर तार मुकी होईल, आणि मग ती कशातून येईल, अशी त्याला भीती.

"तुम्हांला भीती नाही वाटली, वहिनी?"

"कशाची? माझी मुलगी आहे ती." तिने पातेलं उपडं ठेवलं. "कंटाळा यायचा मात्र. म्हणजे, जीव थकायचा हो, भावोजी. अकरा मिनिटं लेकरू विचारतंय आणि घरात तिघांपैकी कोणाला सांगता येत नाही की आम्ही आहोत इथे."

तिघांपैकी. दादा, ती आणि मी; ती गणती मी तशीच सोडून दिली.

मग मी तिला शुक्रवारचं सांगितलं. तज्ज्ञ आधी रिंगांशिवाय बघेल, मग रिंगा बसवून बघेल. रिंगा बसवल्यावर दोष गेला तरच दोष होता हे सिद्ध होतं. नंतर रिले काढून, पाकिटात सील करून घेऊन जातील. म्हणजे उद्याची हाक शेवटची. निर्णय तुमचा, असं मी म्हणालो, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की ती नको म्हणाली तर बरं.

वहिनीने हात पुसले.

"पोर गेली, ते सोसलं. यांना हलगर्जी म्हटलं, ते नाही सोसणार. बसवा रिंगा."

६

शुक्रवारी तज्ज्ञ दोनला पाच मिनिटं असताना आला. पन्नाशीचा, चष्मेवाला, अबोल आणि, हे कबूल करायला हवं, प्रामाणिक. अँटेनाची नवी तार बांधली. रिंगांशिवाय की दाबली, रिले तडतडला, सेट मेला. तीनदा केलं, तिन्हीदा तेच. मग मास्तरांनी तासभर खपून रिंगा चढवल्या, कपॅसिटर डाख देऊन बसवले, वायर बदलली. पुन्हा की दाबली. रिले गप्प. सेट उजळलेला, स्वच्छ.

"साधा दोष आहे," तज्ज्ञ म्हणाला. "पण त्या वेळी, त्या घाईत, कोणालाही सापडला नसता." ते त्याने लिहिलं आणि सही केली.

अकरा वर्षं हे वाक्य ऐकायला मी घसा कोरडा केला होता. आता ते ऐकल्यावर काय करायचं असतं ते मला सुचलं नाही.

साडेतीनला मास्तरांनी रिलेच्या तारा पक्कडीने कापल्या. रिले खाकी पाकिटात गेला, लाखेचं सील लागलं. पाकीट टेबलाच्या मधोमध. पेटी रिकामी, प्लग काढलेला. वहिनी चहा करायला गेली. तज्ज्ञाला घाई नव्हती. आम्ही तिघं पाऊस, पेन्शन आणि जिन्यातला अंधार यांवर बोलत बसलो. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. मास्तरांनीही ठरवलेलं दिसत होतं.

पाकीट वाजलं.

कागदाच्या आत टक्. मग टक् टक्. तज्ज्ञाचा कप तोंडाशी होता, तो तिथेच राहिला. पाकिटाची वरची घडी प्रत्येक टिंबाला केसभर उचलली जात होती, आत एखादा किडा असावा तशी. मास्तरांनी सवयीने पेन्सिल उचलली.

हाक संपली. मग ती वाट बघायची जागा आली, जी मी मंगळवारपासून ओळखायला लागलो होतो.

त्या जागेत टक् झालं.

हे वेगळं होतं. संथ. प्रत्येक रेघ पूर्ण, प्रत्येक टिंबानंतर नीट थांबा, उतारवयातला माणूस जिना उतरताना एकेक पाऊल ठेवतो तसं. मला मोर्स येत नाही. तरी हा हात मी कुठेही ओळखला असता.

मास्तर उठून उभे राहिले. चाळीस वर्षांत या माणसाने कानावर आलेली एक तार सोडली नव्हती. त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली आणि तळहाताने दाबून धरली.

"लिहा ना, मास्तर," मी म्हणालो.

"हा निरोप आपल्याला नाही."

घाईची टिंबं आली, थोडीच. मग संथ, मग पुन्हा घाईची. बोलणं चाललं होतं. दाराशी वहिनी दुसऱ्या चहाचा ट्रे घेऊन उभी होती. चहावर साय धरेपर्यंत ती हलली नाही. शेवटी संथ हाताने एक काहीतरी छोटंसं पाठवलं, त्याला तेवढ्याच छोट्याने उत्तर आलं, आणि पाकीट निव्वळ पाकीट झालं.

चार वाजून चौदा मिनिटं. आम्ही चार-एकवीसपर्यंत तसेच बसलो. पुन्हा काही वाजलं नाही.

तज्ज्ञाने पाणी मागितलं. मग पाकीट बॅगेत टाकलं आणि जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "खालून ट्रक गेला असेल." त्याच्या टिपणात याचा उल्लेख नाही. मी त्याला दोष देत नाही. दोन साक्षीदारांशिवाय मी बातमी छापत नाही; इथे चार होते, आणि तरी ते छापायची माझीही हिंमत झाली नाही.

७

दीड महिन्याने आदेश आला. पान त्रेचाळीस, ओळ सहावी वगळण्यात आली. माझं कात्रणही परिशिष्टातून काढलं. लाइफ जॅकेटांच्या कुलपाबद्दल कोणावरही कारवाई नाही.

खोली आता वहिनीने शिवणकामाला घेतली आहे. दुपारी ती तिथेच बसते. काही ऐकू येत नाही, म्हणते.

त्याच आदेशात विभागाला धरणावरच्या केंद्रातल्या सामानाची यादी करायला सांगितलं होतं. मी अर्ज करून हजर राहिलो. किल्ली तेरा वर्षांपासून सापडत नाही, असं मला लेखी कळवण्यात आलं. दोन कारकुनांसमोर कुलूप कापलं. वीज तोडलेली, सेटमधले व्हॉल्व्ह काढून नेलेले, अँटेनाची तार जागेवर नाही. टेबलावर नोंदवही होती. शेवटची शाईची नोंद तेरा वर्षांपूर्वीची, पद रिकामं झालं त्या दिवसाची. पुढची पानं कोरी.

एक सोडून. त्यावर त्या शुक्रवारची तारीख आहे आणि पेन्सिलीने एक ओळ:

"४/१४. लाँच ऐकली. उत्तर दिलं. पोचलं."

दोन्ही कारकुनांनी पानावर साक्षीदार म्हणून सह्या केल्या. नोंद करणाऱ्या ऑपरेटरचं नाव मी विभागाला तीनदा लेखी विचारलं आहे. पद रिकामं असल्याचं ते तिन्ही वेळा कळवतात.